चेहरा नक्की कधीपासून?

प्रिय,

तुझ्या पेशंटच्या फिल्म पाहिल्या. जेनिक्युलेट गँग्लिऑनपाशी, म्हणजे चेहरा हलवणारी फेशियल नर्व्ह कानाच्या हाडात वळते तिथे, गाठ आहे, हे तू बरोबर ओळखलंस. पण केसपेपरवर ‘बेल्स पाल्सी, आठ महिने’ (कारण न सापडणारा, चेहऱ्याच्या एका बाजूचा लकवा) वाचलं आणि तिथेच अडलो. बेल्समध्ये चेहरा साधारण 72 तासांत पडतो आणि तीन-चार महिन्यांत थोडी तरी हालचाल परतते. या पेशंटचा चेहरा आठवड्यागणिक खचत गेला, मधूनमधून गाल फडफडायचा. विचारलं असतं तर पेशंटने पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. कुणाला त्याच बाजूला पुन्हा पाल्सी झाली तरी असंच खोदून विचार.

एमआरआय गॅडोलिनियम (गाठ उजळून दाखवणारं इंजेक्शन) देऊन, ब्रेनस्टेमपासून (मेंदूच्या बुंध्यापासून) पॅरोटिडपर्यंत (कानापुढच्या लाळग्रंथीपर्यंत) पूर्ण नर्व्हचा हवा. जोडीला टेम्पोरल बोनचा, म्हणजे कानाभोवतीच्या हाडाचा, एचआरसीटी (बारीक कापांचा सीटी स्कॅन). श्वानोमा, म्हणजे नर्व्हच्या आवरणाची गाठ, नर्व्हभोवतीची हाडाची नळी गुळगुळीत कडांनी फुगवतो. हिमँजिओमाच्या, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या गाठीच्या, कडा खडबडीत, आत हाडाची बारीक कुसळं. तो काही मिलिमीटरचा असतानाही चेहरा पाडतो. लवकर काढला तर कधी कधी नर्व्ह शाबूत राहते.

बायोप्सी नको. उमेदवारीत मी कानाच्या पडद्यामागची फिकट गाठ पॉलिप समजून तिचा तुकडा घेतला होता. पेशंट भुलीतून उठला तो वाकडा चेहरा घेऊनच. त्याच्या बायकोशी काय बोललो, ते लिहीत नाही.

आता ‘काढायची कधी?’ हा तुझा प्रश्न. हाउस-ब्रॅकमन ग्रेड (1 म्हणजे धड चेहरा, 6 म्हणजे पूर्ण लकवा) 1-2 असेल तर गाठ फक्त पाहत राहायची, ठरावीक काळाने एमआरआय करून. कारण नर्व्ह कापून सुरल ग्राफ्ट (पायातल्या नर्व्हचा तुकडा) टाकला, तर उत्तम निकालसुद्धा ग्रेड 3 चाच. धडधाकट चेहरा आपणच का बिघडवायचा? बिघाड सुरू झाला पण बराच चेहरा शिल्लक असेल, तर डीकम्प्रेशन (भोवतालचं हाड काढून नर्व्ह मोकळी करणं) किंवा रेडिओसर्जरीचा (गाठीवर नेमक्या किरणांचा मारा) विचार होतो. ग्रेड 4 किंवा त्याहून वाईट झालेल्याला मात्र रेंगाळत ठेवू नकोस. वर्ष-दीड वर्ष निपचित पडलेले स्नायू सुकतात, मग ग्राफ्ट कितीही सुबक शिवला तरी हलवायला काही उरत नाही. म्हणून ‘आठ महिने’ मला पुरत नाहीत. सुरुवात कधी आणि चेहरा पूर्ण थांबला कधी, या दोन तारखा वेगवेगळ्या लिहून पाठव.

आणि त्याचा डोळा आजच बघ. मिटत नसेल तर दिवसा कृत्रिम अश्रूंचे ड्रॉप्स, रात्री मलम लावून पापणीवर चिकटपट्टी. केसपेपरवर याची एकही ओळ नाही.

तुझा,
सर