बॅकस्टोरी दोन पानांची, तरी पात्र बदलत का नाही?

तुमची अडचण थोडक्यात अशी: डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, पात्र घेऊन फाशांनी खेळायचा गोष्टीचा खेळ) याची पाचवी आवृत्ती, चार खेळाडू, प्रत्येकाची दोन पानी बॅकस्टोरी (पात्राचा पूर्वेतिहास), तरी सहा सेशननंतर पात्रं जिथल्या तिथे. पर्याय दिले की सगळे तलवारच उपसतात. शिवाय एक जण साथीदारांच्याच थैल्या मारतो आणि ‘माझं कॅरेक्टर असंच आहे’ म्हणतो.

आधी एक्सपी (पात्राची लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण) कशाचे देता ते बघा. फक्त शत्रू मारल्यावर मिळत असतील तर खेळाडू लढणारच, त्यात त्यांचा दोष नाही. माइलस्टोन लेव्हलिंग (गुण न मोजता कथेतल्या टप्प्यांवर लेव्हल वाढवणं) घ्या, नाहीतर बोलणी करून किंवा वळसा घालून टाळलेल्या संकटालाही तेवढेच एक्सपी द्या.

मग बॅकस्टोरी बाजूला ठेवून प्रत्येकाकडून एक वाक्य घ्या. २०१४ च्या प्लेअर्स हँडबुक या नियमपुस्तकात पात्रासाठी आयडियल (आदर्श), बाँड (जिव्हाळ्याचं नातं), फ्लॉ (उणीव) आहेत, पण ‘मला न्याय प्रिय आहे’ एवढ्यावरून सीन उभा राहत नाही. बर्निंग व्हील या दुसऱ्या खेळातल्या ‘बिलीफ’सारखं लिहून घ्या, म्हणजे मत आणि त्यातून निघणारं पुढचं पाऊल: ‘कायदा सगळ्यांना सारखा, माझ्या भावाला खोट्या आरोपात डांबणाऱ्या कोतवालाला मी भर चौकात कबुली द्यायला लावीन.’

आता या वाक्याची किंमत ठरवा. समजा गोब्लिनांची टोळी दोन दिवसांवर आली आहे आणि वेशीवरचे चाळीस शिपाई फक्त या कोतवालाचं ऐकतात. आज त्याला उघडं पाडलं तर शिपाई पांगतील. थांबलं तर भावाची उद्या पहाटे खाणीत रवानगी होईल. हे दोन्ही परिणाम निवड करण्याआधीच स्पष्ट सांगा. किंमत माहीत नसताना खेळाडू निवड करत नाही, नुसता अंदाज बांधतो. कोणी तिसरी वाट काढली, उदाहरणार्थ शिपायांच्या नाईकाला आधी आपल्या बाजूला वळवलं, तर काढू द्या आणि त्यासाठी रोल मागा, म्हणजे फासा टाकायला सांगा. मात्र काहीही निवडलं तरी भाऊ सुटतो आणि गावही वाचतं, असं करू नका. परिणाम दोन सेशनच्या आत टेबलावर दिसला पाहिजे. त्याहून उशीर झाला की तो कशामुळे झाला हे कोणाच्या लक्षात राहत नाही.

बरेच डीएम (खेळ चालवणारे) चुकतात ते पुढच्या टप्प्यावर. ‘तुला पश्चात्ताप होतो’ हे डीएमने कधीच म्हणू नये. ‘भावाला नेल्याचं कळलं, तू काय करतोस?’ असं विचारा आणि गप्प बसा. एनपीसीला (डीएम चालवतो त्या पात्राला) पर्सुएशनवर, म्हणजे मन वळवण्याच्या फाशावर, वीस पडले तरी खेळाडूच्या पात्राचं मत बदलत नाही. एनपीसी किती मनापासून बोलतोय असं वाटतं, एवढंच सांगा.

ग्रेग स्टॅफर्डच्या १९८५ च्या पेंड्रॅगन या खेळात हे उलट चालतं आणि तिथे ते शोभतं. त्यात स्वभावाच्या तेरा जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीची बेरीज २०: दया १६ तर क्रूरता ४. गुण १६ किंवा जास्त असेल तर कसोटीच्या क्षणी वीस बाजूंचा फासा टाकावाच लागतो, मग कौल खेळाडूच्या मनाविरुद्ध गेला तरी. तो अन्याय वाटत नाही, कारण खेळताना आकडा वर चढतो तो पात्राच्या वागण्यामुळेच. पाचव्या आवृत्तीत ही यंत्रणा जशीच्या तशी घालू नका, नोंद ठेवण्याची सवय तेवढी घ्या. सेशनची शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा. प्रत्येकाने आपलं वाक्य वाचावं आणि सांगावं: पूर्ण झालं, मोडलं, की तसंच आहे? मोडलं तर जुनं खोडून त्याखाली नवं लिहावं. इन्स्पिरेशन (फासा टाकताना फायदा देणारं बक्षीस) वाक्य पाळणाऱ्याला द्या आणि मोडणाऱ्यालाही द्या. फक्त पाळणाऱ्याला दिलंत तर पात्र बदलण्यात खेळाडूचा तोटाच होतो.

राहिला चोर. हे बोलणं पात्रांच्या तोंडून नको, खेळाडूंनी आपापसात करावं. साथीदाराविरुद्ध रोल करण्याआधी समोरच्या खेळाडूची संमती घ्यायची. तो नाही म्हणाला तर फासा पडत नाही. या खेळाडूकडून वाक्य घेताना विचारा की त्याचा चोर कोणाच्या थैलीला कधीच हात लावणार नाही, आणि का. ते नाव पार्टीतलंच, म्हणजे साथीदारांपैकीच, निघालं तर पुढचं सेशन त्या दोघांपासून सुरू करा.