बागेतलं काय कासवाला चालेल? आधी पानं ओळखा

तुम्ही लिहिलंय की इंग्लंडमधल्या घरी लेकीसाठी हरमन जातीचं कासव आणलंय, ते बागेत मोकळं सोडायचंय, पण बागेतली निम्मी झाडं तुमच्या ओळखीची नाहीत. मीही इकडेच राहतो आणि माझ्याकडेही याच जातीचं कासव आहे, म्हणून लिहितोय.

काय चालतं आणि काय नाही, याच्या याद्या नेटवर ढिगाने मिळतील. 'द टॉरटॉइज टेबल' या वेबसाइटवर तर एकेका झाडाची माहिती आहे. घोळ होतो तो ओळखण्यात. फोटो बहुतेक फुलांचे असतात आणि कासव खातं पानं, तीही वसंतात, झाड अजून जमिनीलगतचा पानांचा झुबका असताना.

कॉम्फ्री आणि फॉक्सग्लव्ह या बागेतल्या दोन झाडांचंच बघा, फूल नसताना त्यांची पानं सहज एकमेकांसारखी वाटतात. कॉम्फ्री अधूनमधून थोडी चालते. फॉक्सग्लव्हमध्ये थेट हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात, आणि पहिल्या वर्षी त्याला सहसा फूल येतच नाही. तेव्हा पान चिमटीत धरून पाहा. कॉम्फ्रीचं पान खरखरीत, केस बोटाला टोचतात, कड एकसंध. फॉक्सग्लव्हचं मऊ, लवदार, कडेला बारीक दाते. (नंतर हात धुवा.) तरीही खात्री वाटली नाही तर दोन्ही उपटा, कासवाचं काही अडणार नाही.

रोजच्या जेवणाला तण उत्तम. डँडेलियनच्या पानांचे दाते देठाकडे वळलेले असतात, फुलाचा दांडा पोकळ, बिनपानांचा आणि एका दांड्यावर एकच फूल. तोडला की पांढरा चीक येतो, पण नुसत्या चिकावर जाऊ नका, पेटी स्पर्ज नावाच्या तणालाही तो असतो आणि तो तोंडाची आग करतो. कॅट्स इअर आणि हॉकबिटची पानं केसाळ असतात. डँडेलियन समजून ती दिली गेली तरी बिघडत नाही. प्लँटेन हा आपल्या इसबगोलाचा भाऊ. त्याचं पान हळूच फाडलं की शिरांचे दोरे लोंबतात, तिथे चुकायला वावच नाही. शिवाय सो थिसल, मॅलो, तुतीची पानं, गुलाबाच्या पाकळ्या, जास्वंदीची फुलं आणि पानं, हे सगळं चालतं. क्लोव्हर थोडंच द्या.

डॅफोडिल (कांद्यासकट), लिली ऑफ द व्हॅली, ऱ्होडोडेंड्रॉन, यू, रॅगवर्ट, कण्हेर आणि बटरकप कासवाच्या वाटेत नकोत. 'प्राण्याला उपजत कळतं' असं कुणी सांगेल, पण त्यावर विसंबू नका. बागेत जगभरची शोभेची झाडं आहेत, त्यातली कितीतरी त्याच्या पूर्वजांनी कधी पाहिलेली नाहीत.

नर्सरीतून आणलेलं झाड खाण्यासारखं असलं तरी लगेच देऊ नका. कीटकनाशक आतून भिनलेलं असू शकतं, म्हणून काही महिने जाऊ द्या आणि मग नवी फूट द्या. शेडमध्ये गोगलगाईंच्या औषधाचा जुना डबा असेल तर तोही बघा. त्यातलं मेटाल्डिहाइड बागेत वापरायला ब्रिटनमध्ये 2022 पासून बंदी आहे, पण जुने डबे अजून सापडतात.

भारतातून आजी-आजोबा आले की लाडाने केळं, पालक, पोळीचा तुकडा पुढे केला जातो. फळांच्या साखरेने या जातीचं पोट बिघडतं, पालकातलं ऑक्झॅलिक ॲसिड कॅल्शियम अडवतं, आणि पोळीचं तर नावच नको. त्यांना डँडेलियन खुडायला बसवा, त्यांनाही काम मिळतं.

चुकून काही भलतंच खाल्लं असेल तर लक्षणांची वाट बघत बसू नका. सरपटणारे प्राणी बघणाऱ्या व्हेटला लगेच फोन करा आणि जाताना त्या झाडाची पानांसकट फांदी पिशवीत घेऊन जा.

आणि हे वाचून महाराष्ट्रात कुणाला स्टार कासव पाळावंसं वाटलं तर तो विचार सोडा. 1972 च्या वन्यजीव कायद्याचं त्याला संरक्षण आहे, बाजारात कुणी बिनधास्त विकत असलं तरी तो गुन्हाच आहे.