तुझ्या पत्रात एकही नकार नाही

प्रश्न (संक्षेपात) : मी २४ वर्षांचा आहे. वाणिज्य शाखेची पदवी घेतली. दोन वर्षांपासून एका विमा कार्यालयात दाव्यांच्या नोंदी ठेवतो. मला लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची आहेत, पण चित्रकलेचं शिक्षण नाही आणि आता उशीर झाला असं वाटतं. ऑफिसच्या दुसऱ्या विभागातली एक मुलगी सात महिन्यांपासून आवडते. तिला काही बोललेलो नाही. बोलण्यासारखं माझ्याजवळ आहे तरी काय? बरोबरीचे सगळे कुठे ना कुठे पोचले. मला प्रेमाचा शून्य अनुभव आहे. बाबा म्हणतात, ‘आधी कुणीतरी बन, मग बाकीचं.’ एमबीएची प्रवेश परीक्षा दे, असा त्यांचा आग्रह आहे. मला बहुतेक इम्पोस्टर सिंड्रोम आहे. एमबीए करू की चित्रं? तिला कधी विचारू? तिच्यासाठी एक मोठं चित्र काढतोय, ते देऊन विचारावं का? सोबत नऊ चित्रं जोडली आहेत.

उत्तर :

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा प्रश्नासाठी आणि दुसऱ्यांदा एकच गोष्ट शोधण्यासाठी : तुला आजवर ‘नाही’ कोण म्हणालं? शोधून सापडलं नाही. प्रकाशकाने चित्रं परत केली म्हणावं, तर तू ती कुणाला पाठवलेलीच नाहीस. त्या मुलीने तोंड फिरवलं म्हणावं, तर तिला यातलं काही ठाऊकच नाही. सगळे नकार तूच लिहिलेस, तूच पोचवलेस आणि सही करून तूच घेतलेस. मूळ पत्रात ‘लायकी’ हा शब्द सात वेळा आलाय. रंग, कागद, रेषा यांतला एकही शब्द एकदाही नाही.

एमबीएचं आधी उरकते. परीक्षा दिलीस तर बरा स्कोअर येईल, पण बाबांना गप्प करण्यासाठी दोन वर्षं आणि एवढी फी घालवणं हा महाग उपाय आहे. नको.

आता बाबांचं ते वाक्य. तुझ्या गुणांपेक्षा, वयापेक्षा मला त्याची जास्त काळजी वाटली. ‘आधी कुणीतरी बन.’ ऐकायला शहाणपणाचं आहे आणि पैशापुरतं ते खरंही आहे. पण यात आकडा कुठे आहे? किती पगार म्हणजे कुणीतरी? कोणतं पद? कोणत्या तारखेपर्यंत? ज्या अटीला माप नाही ती पुरी होत नाही. एमबीए झालं की नोकरी, नोकरी लागली की बढती, बढती मिळाली की घर. ‘कुणीतरी’ नेहमी दोन पावलं पुढेच उभा असतो.

त्यातून तू आणखी एक घोळ केलास. बाबा बोलले कमाईबद्दल, तू ऐकलंस प्रेमाच्या पात्रतेबद्दल. त्यांचं ‘बाकीचं’ तू उलगडलंस, त्यात ती मुलगी घातलीस, चित्रं घातलीस आणि सगळ्याला एकच कुलूप लावलंस. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांच्या मांडणीत ‘मी कोण’ हा प्रश्न आधी येतो आणि जवळिकीचा नंतर, त्यामुळे बाबांची बाजू घ्यायला कुणी त्यांनाही साक्षीला आणेल. पण त्यांची ‘ओळख’ म्हणजे व्हिजिटिंग कार्डावरचं पद नव्हे. आपल्याला काय पटतं, काय हवं, कशासाठी नाही म्हणता येतं, एवढं कळलेलं असणं म्हणजे ओळख. आणि ते खोलीत बसून कळत नाही, माणसांत जाऊन कळतं.

तर एका सुटीच्या दिवशी बाबांसमोर कागद घेऊन बस. वाद घालायला नव्हे, आकडे मांडायला. महिन्याचा तुझा खर्च किती, शिल्लक किती, नोकरी गेली तर किती महिने निघतील. सहा महिन्यांचा खर्च बाजूला असेल तर त्यांची बरीचशी धास्ती कमी होईल, कारण बहुतेक आईबापांच्या ‘कुणीतरी बन’च्या पोटात ‘उद्या याचं अडलं तर?’ एवढंच असतं. आणि स्पष्ट सांग : नोकरी सोडत नाहीये. (हे उत्तर बाबा वाचत असतील तर त्यांनाही सांगते. मुलगा २४ वर्षांचा आहे, कमावता आहे आणि घरी पैसेही देतो. तो कुणीतरी आहे. पुढचं वाक्य बदला.)

इम्पोस्टर सिंड्रोमबद्दल मात्र तुझी पूर्ण गैरसमजूत झालीय आणि ती तुझं नुकसान करतेय. पॉलिन क्लान्स आणि सुझन इम्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली ही गोष्ट मांडली, तीही ‘सिंड्रोम’ म्हणून नाही. आजार म्हणून निदानाच्या पुस्तकात तिला जागा नाही. त्यांनी पाहिल्या होत्या त्या पदव्या, पदं, मानमरातब मिळवलेल्या स्त्रिया. त्यांना वाटायचं, हे सगळं नशिबाने मिळालंय, एक दिवस आपलं पितळ उघडं पडणार. म्हणजे यासाठी आधी काम जगापुढे गेलेलं असावं लागतं, जगाने ते नावाजलेलं असावं लागतं आणि तरीही आत खोटं वाटावं लागतं. तुझ्या बाबतीत पहिलीच पायरी झालेली नाही. न दाखवलेल्या कामाबद्दल शंका वाटणं हा सिंड्रोम नाही. तुझ्याजवळ माहितीच नाही, म्हणून शंका आहे, आणि ती रास्त आहे! पण नाव लावलं की सोय होते : ‘मला अमुक आहे’ म्हटलं की आज पाठवायचं राहून जातं. पत्रात रात्री तीनपर्यंत जागा असतोस असं ओझरतं लिहिलंयस. त्याकडे मात्र लक्ष दे. झोप, भूक, कामातलं लक्ष दोन आठवड्यांहून जास्त काळ बिघडलेलं असेल, कशातच रस वाटत नसेल, तर सरळ डॉक्टरांकडे जा. ते करिअरच्या सदरात सुटत नाही.

आता ती मुलगी. पहिली गोष्ट, ते मोठं चित्र देऊ नकोस. चाळीस तास खपून काढलेलं चित्र हातात ठेवून विचारलंस, तर तिला प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसतं, चाळीस तासांची परतफेड करायची असते. सात महिन्यांचा हिशोबही सांगू नकोस. तू सात महिने मनात बोललास, तिच्यासाठी हे पहिलंच वाक्य आहे. रात्री अकराला लांबलचक मेसेज तर नकोच. तो ती तीनदा वाचेल, मैत्रिणींना दाखवेल आणि तू निळ्या खुणांकडे बघत बसशील.

विचारायचं ते समोर, चारचौघांत नाही, आणि असं की पाच सेकंदांत हो किंवा नाही म्हणता यावं. ‘शनिवारी दुपारी चित्रांचं प्रदर्शन बघायला जातोय. येतेस? आपण दोघंच.’ शेवटचे दोन शब्द गाळू नकोस. ते गाळले की ती इतर चौघांना घेऊन येते आणि तू आणखी सात महिने अर्थ लावत बसतोस. ‘शनिवारी जमत नाही, रविवारी चालेल?’ म्हणाली तर होकार समज. ‘बघू’ म्हणाली आणि स्वतःहून दुसरा दिवस सुचवला नाही, तर तो नकार आहे, सभ्य भाषेतला. ‘बरं, काही हरकत नाही’ म्हणायचं, दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं बोलायचं, परत विचारायचं नाही. तिच्या कामाचं मूल्यमापन तुझ्या हातात असेल किंवा तुझं तिच्या, तर हे सगळं रद्द, कारण मग तिचं हो किंवा नाही मोकळं राहत नाही. वेगळा विभाग आहे म्हणतोस, म्हणून लिहिलं.

बोलताना अडखळशील, कान लाल होतील. होऊ देत. मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्याला लाज वाटेल असा, एका गायकाचा चेहरा छापलेला टीशर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवलं. टीशर्टवर कोण आहे ते साधारण निम्म्या लोकांच्या लक्षात आलं असेल, असा त्याचा अंदाज. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या आलं होतं. आपली फजिती आपल्याला दिसते तेवढी समोरच्याला दिसत नाही. २०१८ साली एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी अनोळखी लोकांना गप्पा मारायला लावून नंतर विचारलं, तेव्हा समोरच्याला आपण जितके आवडलो त्यापेक्षा कमीच आवडलो असणार, असं लोक धरून चालले होते. याचा अर्थ ती हो म्हणेल असा नाही. तुझा अंदाज मोजपट्टी म्हणून कामाचा नाही, एवढाच. आणि ‘शून्य अनुभव’ हा दोष नसतो. तो पहिल्या भेटीत जाहीर करायची काही गरज नाही, विचारलं तर लपवायचीही नाही.

चित्रांकडे येते. नऊही नीट पाहिली. रंगाची जाण चांगली आहे. पाचव्या चित्रातला खिडकीतून येणारा संध्याकाळचा उजेड बघून थांबावंसं वाटतं. पण नऊही चित्रांत एकच मुलगी आहे (कोण ते विचारत नाही), नऊही वेळा चेहरा डावीकडे वळलेला, नऊही वेळा ती एकटी उभी. आणि हात? खिशात, पाठीमागे, नाहीतर चौकटीच्या बाहेर. हात अवघड असतात, म्हणून सगळेच नवे चित्रकार ते लपवतात. पण मुलांच्या पुस्तकात कुणी नुसतं उभं राहत नाही. कुणी पडतं, खेचतं, चोरून खातं, भांडतं. प्रकाशकाचा कलासंपादक सुंदर चेहरा शोधत नसतो. हेच पोर चौथ्या पानावर रडताना आणि अकराव्या पानावर झाडावर चढताना तेच पोर वाटेल का, हे तो बघतो. नवख्यांची चित्रं बहुतेक इथेच परत जातात : पानागणिक चेहरा बदलतो.

पदवी कुणी मागत नाही, काम मागतात. कलाविद्यालयात जायला हरकत नाही, पण ‘उशीर झाला’ म्हणून नको, शिकायचं असेल तर जा. पुस्तक लिहावंही लागत नाही. बहुतेक प्रकाशक गोष्ट घेतात आणि तिच्यासाठी चित्रकार स्वतः निवडतात. दाखवायला दहा ते पंधरा चित्रं पुरतात, पण त्यांतली निदान तीन एकाच गोष्टीतली, सलग हवीत. उरलेल्यांत घोळका असावा, प्राणी असावा, रात्र असावी, घराच्या आतलं एखादं दृश्य असावं.

ते यावं म्हणून हे कर. एखादी जुनी लोककथा घे आणि ती ३२ पानांत बसव. चित्रपुस्तकं बहुधा ३२ पानांची असतात, कारण छापील ताव घडी घातला की सोळा पानांचा जुडगा होतो, असे दोन. पहिलं आणि शेवटचं पान सुटं, मधली पंधरा जोडपानं. एका कागदावर काडेपेटीएवढे सतरा चौकोन आख आणि पेन्सिलीने, खोडरबर न वापरता, सगळी गोष्ट त्यात काढ. चेहरे नकोत, नुसते आकार. कोण कुठे, मोठं की छोटं, पान उलटायची ओढ कुठे लागते, एवढंच. जोडपानाच्या मधोमध कुणाचं तोंड येऊ देऊ नकोस, शिवणीत जाईल. पहिला आराखडा वाईट निघेल, दुसरा त्याहून वाईट. चौथ्यापाचव्याला गोष्ट हलायला लागते. मग त्यातली तीनच जोडपानं पूर्ण रंगव. संगणकावर असतील तर छपाईच्या मापात ३०० डीपीआय (म्हणजे इंचाला ३०० ठिपके), चारी बाजूंनी तीन मिलिमीटर जादा, कापताना जातात म्हणून.

वेळ नोकरी सांभाळून. आठवड्यातल्या तीन संध्याकाळी दीड-दीड तास आणि रविवारी सकाळी दीड. ‘वेळ मिळेल तेव्हा’ लिहिलंयस, तसं नको. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांच्या कामाचा मोठा भर यावर आहे की नुसता निश्चय टिकत नाही, ‘अमुक झालं की तमुक करीन’ असा बांधलेला निश्चय जास्त टिकतो. ‘जेवणाचं ताट धुतलं की टेबलावर बसून पहिला चौकोन.’ ताट रोज धुतोसच ना?

आराखडा झाला की मित्रांना दाखवू नकोस. ते ‘भारी!’ म्हणतील आणि तू त्यावर विश्वास ठेवणार नाहीस. पाच-सहा वर्षांच्या एखाद्या मुलाला, शब्द झाकून, चित्रांवरून गोष्ट सांगायला लाव. ‘आवडलं का’ विचारू नकोस. ते जिथे अडखळेल, किंवा दोन पानं एकदम उलटेल, तिथे खूण कर. त्या पानावर काम बाकी आहे. तुझी लायकी मोजायला ते मूल बसलेलं नाही, त्याला पुढे काय झालं ते हवंय.

मग बारा चित्रांची एकच पीडीएफ, मेलमधून सहज जाईल एवढी हलकी, आणि वर चार ओळी : नाव, काय काढतोस, कुठे बघता येईल, संपर्क. ‘मी शिकलेलो नाही, पण…’ हे वाक्य नको. प्रत्येक प्रकाशकाच्या तीन पुस्तकांची चित्रं आधी बघ आणि जिथे तुझा हात शोभेल अशा दहांनाच पाठव. उत्तर न येणं हेच नेहमीचं उत्तर आहे. दर चार महिन्यांनी दोन नवी चित्रं घालून पुन्हा पाठव. काम मिळालं तरी पैसे बहुधा तुकड्यांत येतात, थोडे करारावर, थोडे कच्च्या रेखाटनांवर, उरलेले शेवटी. म्हणूनही सध्या नोकरी राहू दे.

दोन्ही कामं एकाच आठवड्यात सुरू कर. एकाचा निकाल दुसऱ्यावर ठेवू नकोस. ती नाही म्हणाली म्हणून चौकोन कोरे राहता कामा नयेत, आणि पुस्तक निघाल्यावर तिला विचारीन असंही नाही.

एक राहिलं. चौथ्या चित्रातल्या मुलीने पाठीमागे काहीतरी धरलंय आणि काय ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. हातांसकट काढून पाठव.