अंगणातल्या गोष्टी

प्रिय चिऊ,

'सिक्रेट गार्डन' वाचून संपवलंस आणि लगेच विचारलंस, "आई, मराठी गोष्टींत अशी कुलूप लावलेली बाग का नसते गं?" प्रश्न मला फार आवडला, म्हणून सवडीने लिहून देतेय.

तुझ्या लाडक्या बागांना कुंपण असतंच. १९०२ साली पुस्तक होऊन आलेल्या पीटर रॅबिटची सगळी मजा मॅकग्रेगरच्या फाटकाखालून आत घुसण्यात आहे. आधी लेट्यूस, शेंगा, मुळे यांच्यावर ताव, मग काकड्यांपाशी म्हातारा समोर, आणि पळता पळता नव्या कोटाची बटणं जाळ्यात! (बीट्रिक्स पॉटरने ही गोष्ट आधी १८९३ मध्ये एका आजारी मुलाला पत्रातून लिहिली होती, चित्रांसकट. त्यामुळेच मलाही पत्र लिहायचा हुरूप आला.) 'सिक्रेट गार्डन' १९११ चं. त्यात दहा वर्षं बंद पडलेली बाग, पुरून ठेवलेली किल्ली आणि मेरीला तिच्यापर्यंत नेणारा रॉबिन पक्षी.

आपल्या गोष्टींतही बाग असते, पण ती सहसा एकट्या मुलाची लपायची जागा नसते. ती दारात असते नाहीतर परसात, आणि घरातले सगळे रुसवेफुगवे तिथे येऊन पोचतात.

पारिजातकाचीच गोष्ट घे. नारदमुनींनी स्वर्गातलं एक फूल कृष्णाला आणून दिलं, कृष्णाने ते रुक्मिणीला दिलं. झालं, सत्यभामा रुसली! मग तिची समजूत काढायला कृष्ण इंद्राच्या नंदनवनात गेला, त्याच्याशी लढला आणि अख्खं झाडच घेऊन आला. ते सत्यभामेच्या अंगणात लावलं. सकाळी उठून ती बघते, तर फुलांचा सडा पलीकडे, रुक्मिणीच्या अंगणात!

हे झाड तू पाहिलेलं नाहीस, म्हणून सांगते. पारिजातकाची फुलं सूर्य मावळल्यावर उमलतात आणि पहाटे आपसूक गळतात. पांढऱ्या पाकळ्या, केशरी देठ. बोटांत धरून देठ चुरडला तर बोटंही केशरी होतात. फांदी शेजारी झुकली की फुलं शेजारीच पडणार, त्याला कोण काय करणार? देवाला वाहायची फुलं एरवी झाडावरून खुडतात, खाली पडलेली घेत नाहीत. पारिजातकाची मात्र जमिनीवरून वेचलेली चालतात. सगळे म्हणतात, सत्यभामेची कशी जिरली. मला मात्र तिचाच कळवळा येतो. रोज पाणी तिनेच घालायचं ना त्या झाडाला!

दुसरी गोष्ट तुला माहीत आहे, फक्त ती गोष्ट आहे हे तुझ्या लक्षात आलं नसेल. नवरात्रात भोंडल्याला हत्तीभोवती फेर धरून आपण कारल्याच्या वेलाचं गाणं म्हणतो, ते आठव. सुनेला माहेरी जायचंय. सासू म्हणते, आधी कारल्याचं बी पेर. पेरलं. आता कोंब येऊ दे. आला. वेल वाढू दे, फूल येऊ दे, कारलं लागू दे, त्याची भाजी कर... एक संपलं की दुसरं काढतेच! कारलं काही एका रात्रीत लागत नाही, आणि ते सगळे दिवस तिला सासरीच काढायचे. फेर धरणाऱ्या बायका हे हसत हसत म्हणायच्या, पण त्यातल्या कितीतरी जणींना स्वतःलाच माहेरची वाट दिसत असायची. बागेत वाट बघण्याची इतकी खरी गोष्ट मी दुसरी वाचलेली नाही.

पहारा असलेली बाग हवीच असेल, तर रावणाचं अशोकवन आहे. राक्षसिणींच्या गराड्यात सीता बसलेली, झाडाच्या पानांत दडलेला मारुती, आणि मग रामाची अंगठी. पुढे तो त्या वनाची जी दाणादाण उडवतो, ती तुझ्या भावाला रोज ऐकवली तरी पुरत नाही.

आज झोपताना कुठली सांगू ते तूच ठरव. पारिजातकाची हवी असेल तर आधी आजीला फोन लाव. तिचा नारद माझ्या नारदापेक्षा कितीतरी खट्याळ आहे, आणि सत्यभामेचं रुसणं तर ती साग्रसंगीत करून दाखवते.

तुझी,
आई