मातीतल्या जिवाणूभोवती झोन आला, म्हणजे नवीन अँटिबायोटिक सापडलं का?

तुम्ही विचारलंय की टीवायच्या प्रोजेक्टसाठी घरच्या उसाच्या रानातली माती घेतली, त्यातून निघालेल्या एका जिवाणूभोवती स्टॅफिलोकोकस या रोगजंतूच्या प्लेटवर १८ मिमीचा झोन (जंतू न वाढलेली मोकळी गोल जागा) आला, सर म्हणतात पेपर होईल, तर हे नवीन अँटिबायोटिक आहे का आणि त्याचं औषध कसं होतं.

बहुधा नवीन नाही. पण झोन खोटा आहे असंही मी म्हणत नाही.

पुण्यात एका प्रयोगशाळेत मी साडेतीन वर्षं हेच केलं. माती आणायची, कागदावर पसरून वाळवायची, ५५ अंशाला तासभर तापवायची म्हणजे जोरात वाढणारे नेहमीचे जिवाणू कमी होतात, मग पाण्यात पातळ करत नेऊन स्टार्च केसिन अगारवर (जिवाणूंचं खाद्य घातलेल्या जेलीवर) पसरायची आणि गप्प बसायचं. इतरांच्या प्लेटा दुसऱ्या दिवशी भरतात, आमच्या आठ-दहा दिवसांनी. झाकण उघडलं की पहिल्या पावसाचा वास यायचा. तो वास जिओस्मिनचा, आणि ते बनवतात स्ट्रेप्टोमायसिस, आम्ही ज्यांच्या मागे होतो ते मातीतले जिवाणू. त्यांची कॉलनी ओळखायला सोपी: वर खडूची भुकटी शिंपडल्यासारखी, आणि लूपनं (तारेच्या कड्यानं) उचलायला गेलात तर उचलत नाही, अगारमध्ये रुतून बसलेली असते.

आमचा एक स्ट्रेन मुळशीकडच्या मातीतला होता. पिवळा-केशरी रंग, २६ मिमीचा झोन. दोन दिवस आम्ही हवेत. पेढे वाटले. ब्रॉथमधला (जिवाणू वाढवलेल्या द्रवातला) माल एथिल अ‍ॅसिटेटनं काढून घेतला, रोटाव्हॅप या यंत्रावर आटवला, फ्लास्कच्या तळाशी सुरेख केशरी थर. मास स्पेक्ट्रमचा, म्हणजे रेणूच्या वजनाचा, रिपोर्ट आला, त्यात १२५५ चा ठळक आकडा. आमच्या मॅडमनी कागदाकडे पाच सेकंद पाहिलं आणि म्हणाल्या, "अ‍ॅक्टिनोमायसिन. पेढ्यांचे पैसे कोणी दिले?"

अ‍ॅक्टिनोमायसिन वॅक्समन आणि वुड्रफ यांनी १९४० मध्येच शोधलंय. जंतू मारतं, पण माणसाच्या पेशीही मारतं, म्हणून ते अँटिबायोटिक न होता कॅन्सरचं औषध झालं. आम्हाला ते ८० वर्षांनी 'सापडलं'.

या धंद्यातली खरी अडचण हीच. मारणारा जिवाणू शोधणं अवघड नाही. जाणकारांचा ढोबळ अंदाज असा की मातीतल्या दर दहा अ‍ॅक्टिनोमायसिट्समध्ये (स्ट्रेप्टोमायसिस ज्या गटातले, त्या गटात) एक स्ट्रेप्टोथ्रायसिन हे जुनं अँटिबायोटिक बनवतो, शंभरात एक स्ट्रेप्टोमायसिन. डॅप्टोमायसिनसारखं काही हवं असेल तर कोटीत एखादा. त्यामुळे निम्मी मेहनत जुनं ओळखून फेकून देण्यात जाते. त्याला डीरेप्लिकेशन म्हणतात, आणि कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये नेमकं तेच कोणी करत नाही.

आता तुमच्या झोनबद्दल. आधी ब्रॉथचा पीएच बघा. तो ४.५ निघाला तर मारणारं नुसतं आम्ल असू शकतं. ७ वर आणून पुन्हा लावा. अर्क लावला असेल तर शेजारच्या खड्ड्यात नुसतं सॉल्व्हंट आणि तिसऱ्यात जिवाणू न टाकलेल्या मीडियाचा अर्क लावलाय का? नसेल तर त्या १८ मिमीला अर्थ नाही. झोन मोठा म्हणजे औषध जबर, हाही गैरसमज काढून टाका. मोठा रेणू अगारमध्ये हळू पसरतो. व्हॅन्कोमायसिनचा झोन दिसायला लहान असतो, म्हणून ते काय कमी आहे का? खरं मोजमाप एमआयसी, म्हणजे जंतूंची वाढ थांबवणारी कमीत कमी मात्रा. ९६ खड्ड्यांची प्लेट घ्यायची, दर खड्ड्यात अर्क निम्मा निम्मा करत न्यायचा, जंतू घालायचे, दुसऱ्या दिवशी रेझाझुरिन हा निळा रंग टाकायचा. जिवंत तिथं गुलाबी, मेले तिथं निळं. शेवटचा निळा खड्डा म्हणजे तुमचं उत्तर. सोबत ई. कोलायही लावा. त्याला बाहेरून एक जादा पडदा असतो, बरेच रेणू त्यातून आतच शिरत नाहीत. फक्त स्टॅफवर चालणारे ढिगानं मिळतात.

मग रक्त. अर्क माणसाच्या पेशींना झेपतो का ते बघायला लाल पेशी धुवून अर्कासोबत तासभर ठेवा आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा. वरचं पाणी स्वच्छ राहिलं तर ठीक, लाल झालं तर पेशी फुटल्या. रने द्युबो या संशोधकानं १९३९ मध्ये मातीतल्याच एका बॅसिलसपासून टायरोथ्रायसिन काढलं, उत्तम चालायचं, पण रक्तात गेलं की लाल पेशी फोडायचं. ते त्वचेवर लावण्यापुरतंच उरलं.

हे सगळं पार झालं तरी रेणूची रचना काढायला काही मिलिग्रॅम शुद्ध पदार्थ लागतो, आणि तेवढ्यासाठी कधी कधी वीस-तीस लिटर ब्रॉथ. इथं बहुतेकांचा धीर सुटतो. माझा सुटला होता.

नवीन मिळतच नाही असं मात्र नाही. मातीतले बहुतेक जिवाणू आपल्या प्लेटवर वाढतच नाहीत, म्हणजे आपण वर्षानुवर्षं त्याच त्या हौशी मंडळींना भेटतोय. अमेरिकेत किम लुईस आणि स्लावा एप्स्टाइन यांच्या गटानं युक्ती केली. बारीक भोकांची पट्टी, दर भोकात साधारण एक पेशी, दोन्ही बाजूंना पातळ पडदा, आणि ती पट्टी परत मातीतच पुरायची. जिवाणूला वाटतं आपण घरीच आहोत. असे १०,००० स्ट्रेन तपासून त्यांनी २०१५ मध्ये टिक्सोबॅक्टिन जाहीर केलं. २०२५ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठानं लॅरिओसिडिन जाहीर केलं. ती माती हॅमिल्टनमधल्या एका घराच्या परसातली, आणि त्यांनी मातीतले जिवाणू जवळजवळ वर्षभर वाढू दिले. आपण दहाव्या दिवशी प्लेटा ऑटोक्लेव्हला टाकतो, म्हणजे वाफेनं सगळं मारून टाकतो.

त्यामुळे 'लोणारला जाऊन माती आणू का' या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर: जा, सरोवर बघायला. लोणारच्या गाळावर किती प्रबंध झालेत त्याची गणती नाही. जागा विचित्र असण्यापेक्षा वाढवायची पद्धत वेगळी असणं जास्त कामाचं. पिंपरीचंच बघा ना. हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला हॅमायसिन शोधलं, बुरशीवरचं औषध. ते बनवणाऱ्या जिवाणूचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिम्प्रिना. पिंपरीची माती! आज तिथं सिग्नलला थांबलेल्या किती जणांना हे ठाऊक असेल?

औषध व्हायला इतकी वर्षं का लागतात, याला रिफॅम्पिसिनचं उदाहरण पुरेल. टीबीच्या ज्या गोळीनं लघवी केशरी होते ती ही. फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या पाइनच्या रानातली माती १९५७ मध्ये मिलानच्या लेपेटिट कंपनीत पोचली, त्यातून रिफामायसिन निघालं. पण तोंडावाटे घेतलं तर ते नीट शोषलंच जात नव्हतं. शेकडो फेरफार केल्यावर रिफॅम्पिसिन बनलं आणि १९६८ मध्ये वापरात आलं. अकरा वर्षं, तेही नियम आजच्या मानानं सैल असताना. जिवाणूनं बनवलेला रेणू हा बहुतेकदा कच्चा माल असतो. पुढचं सुतारकाम रसायनवाल्यांचं.

आणि पैसा. प्लाझोमायसिन हे मायक्रोमोनोस्पोरा या जिवाणूच्या सिसोमायसिनपासून बेतलेलं चांगलं अँटिबायोटिक २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, आणि ते आणणाऱ्या अकेओजेन कंपनीनं २०१९ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. बीपीची गोळी माणूस जन्मभर घेतो, अँटिबायोटिक आठवडाभर, आणि नवीन असेल तर डॉक्टर ते मुद्दाम राखून ठेवतात, जे बरोबरच आहे. कंपनीनं खायचं काय?

तुम्ही मात्र पेपरच्या आधी एक करा. आमचा दुसरा एक स्ट्रेन होता, रंगहीन, ई. कोलायवरही झोन देणारा, माहितीच्या कुठल्याच आकड्याशी न जुळणारा. आम्ही तो प्लेटवरून प्लेटवर नेत राहिलो. स्ट्रेप्टोमायसिस असं केलं की कधी कधी गुणसूत्राची टोकंच गमावतात. सहाव्या वेळेला कॉलनी टकली झाली, वरची भुकटी गेली, आणि झोनही गेला. स्टॉक केलेला नव्हता. तुमच्या पहिल्या प्लेटवरचे बीजाणू (ती वरची भुकटी) आजच खरवडून २० टक्के ग्लिसरॉलमध्ये चार-पाच नळ्या भरा. उणे ८०चा फ्रीजर नसेल तर उणे २० चालेल. निदान एक नळी सरांच्या फ्रीजरमध्ये न ठेवता दुसऱ्या डिपार्टमेंटला ठेवा. आमच्या इमारतीत मे महिन्यात लाइट जायची.

पीएच किती आला ते कॉमेंटमध्ये कळवा.