पहिल्या मेडिएशनला बसण्याआधी वाच

अगं,

मेसेज वाचला तुझा. कॅलिफोर्नियात सरकारी शाळांचे वाद सोडवायला मेडिएटर म्हणजे मध्यस्थ म्हणून बसणार म्हणतेस, छानच, पण आधीच सांगतो, आपल्या हातात पावर अशी काही नसते. डिस्ट्रिक्ट (म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) आणि शिक्षकांच्या युनियनचं करारावर घोडं अडलं की पर्ब (PERB, सरकारी नोकरांचे कामगार-वाद बघणारं राज्याचं बोर्ड) आधी खरंच इम्पास आहे का, म्हणजे बोलणी पार खुंटलीत का, ते बघतं, मग मेडिएटर येतो, १५ दिवसांत जमलं नाही आणि मेडिएटरलाही पटलं तर फॅक्टफाइंडिंग, म्हणजे दोन्ही बाजू तपासणारं तिघांचं पॅनल, आणि त्यांचा रिपोर्ट म्हणजे पण नुसता सल्लाच.

म्हणून २०१९ चा लॉस एंजेलिसचा संप नीट वाचून काढ. मेडिएशन, फॅक्टफाइंडिंग सगळं होऊनही १४ जानेवारीला ३०,००० च्या वर शिक्षक भर पावसात रस्त्यावर आले. बाहेरच्यांना वाटायचं पगाराचं भांडण, पण ६ टक्के वाढ तर डिस्ट्रिक्टनं संपाआधीच देऊ केली होती आणि शेवटी मिळाली तीही ६ च! मग शाळेचे सहा दिवस संप कशाला? तर वर्गात पोरं किती कोंबायची, प्रत्येक शाळेत रोज नर्स का नाही, लायब्ररियन का नाही. जुन्या करारात १.५ नावाचं एक कलम होतं, पैशाची अडचण सांगून डिस्ट्रिक्ट वर्गातल्या पोरांची मर्यादा ओलांडू शकायचं, शहराचे तेव्हाचे मेयर गार्सेटींनी दोघांना सिटी हॉलमध्ये बसवल्यावर झालेल्या करारात ते उडालं.

तेव्हा तूही डिस्ट्रिक्ट आणि युनियनला वेगवेगळ्या खोलीत बसव आणि विचार, हे नाही मिळालं तर सोमवारी वर्गात नेमकं काय होईल? आकडे नंतर. एका खोलीतलं दुसऱ्या खोलीत विचारल्याशिवाय न्यायचं नाही, एकदा जरी फुटलं तर तुला कोणी काही सांगणार नाही.

(परत येऊन इकडे हेच करायचं डोक्यात असेल तर गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या केसमधला १९८८ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल बघ, शिक्षक 'वर्कमन' (कायद्याच्या अर्थानं कामगार) नाही म्हणे, म्हणजे तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यातली समेटाची वाट शिक्षकांना बंद होती.)

आणि हो, युनियनवाल्यांना करारावर मेंबरांकडून मतदान करून घ्यायचं असतं, म्हणून परत जाऊन काय सांगायचं ते त्यांच्या हातात दे. रात्री उशिरा जमलं की सगळे दमलेले असतात, "उद्या टाईप करू" म्हणतील, अजिबात ऐकू नकोस, तिथेच लिहून सह्या घे.

तुझा काका