मुदतीआधी बदली झाली आहे. मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) जावं का?

तुम्ही लिहिलंय ते असं: बेलापूरच्या एका राज्य शासकीय कार्यालयात वरिष्ठ लिपिक, या जागेवर येऊन दीड वर्ष झालं आणि ऑगस्टमध्ये "प्रशासकीय कारणास्तव" एवढंच लिहून सावंतवाडीला बदली. मुलगी दहावीला, पत्नी नेरुळच्या शाळेत शिक्षिका. आदेश रद्द होईल का, आणि तोवर हजर नाही झालो तर चालेल का?

माझी नोकरीतली बरीच वर्षं आस्थापना शाखेत गेली. बदल्यांच्या टिपण्या लिहिल्या, त्यातल्या काही मॅटमध्ये आडव्या पडलेल्याही पाहिल्या. म्हणून आधी हे सांगतो की मुलीची दहावी आणि पत्नीची नोकरी अर्जात चार ओळींत आटपा. बदली हा नोकरीचाच भाग, एकाच ठिकाणी राहण्याचा हक्क कुणाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने शिल्पी बोस प्रकरणात 1991 सालीच सांगून टाकलंय. पती-पत्नींना एका ठिकाणी ठेवण्याचं धोरण आहे खरं, पण 1993 च्या एस. एल. अब्बास निकालानुसार अशी मार्गदर्शक तत्त्वं म्हणजे कोर्टातून मिळवता येणारा हक्क नव्हे. अडचण कितीही खरी असली तरी तिच्यावर स्थगिती मिळेल असं धरून चालू नका.

तुमची बाजू भक्कम आहे ती 2005 च्या बदल्यांच्या कायद्यामुळे. कलम 3 प्रमाणे एका पदाचा कालावधी साधारण तीन वर्षं, आणि मंत्रालयाबाहेरच्या गट क कर्मचाऱ्याला, म्हणजे तुमच्यासारख्या लिपिकाला, त्या कार्यालयात असे दोन कालावधी मिळतात. बदल्या एप्रिल-मे मध्ये. कालावधी संपण्याआधी हलवायचं किंवा एप्रिल-मे सोडून मध्येच हलवायचं तर कलम 4 प्रमाणे खास कारण लेखी नोंदवावं लागतं आणि वरच्या सक्षम प्राधिकाऱ्याची मान्यता आधी घ्यावी लागते. "आधी" या शब्दावर बोट ठेवा. आदेश आधी काढायचा आणि मान्यता मागाहून घ्यायची, हे प्रकार सर्रास होतात. "प्रशासकीय कारणास्तव" हे तर कारणच नाही; खरं कारण नस्तीत, म्हणजे बदलीच्या फाइलमध्ये, असलं पाहिजे. माहिती अधिकारात टिपणी मागायला हरकत नाही, पण त्याची मुदत 30 दिवसांची. तेवढा वेळ तुमच्याकडे नाही. मॅटमधल्या मूळ अर्जातच नस्ती सादर करण्याची मागणी करा.

कुणाच्या तक्रारीवरून हलवलं असेल तर तेही टिपणीत दिसेल. सोमेश तिवारी प्रकरणात (2009) निनावी तक्रारीवरून अधिकाऱ्याला भोपाळहून शिलाँगला पाठवलं होतं. तक्रारीत तथ्य निघालं नाही, आणि ती बदली शिक्षेसारखीच आहे असं म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ती टिकू दिली नाही.

आता घाई कशाची, ते सांगतो. तुम्हाला अजून कार्यमुक्त केलेलं नसेल तर आजच वरिष्ठांकडे निवेदन द्या, पोच घ्या आणि या आठवड्यात वकील गाठा. तुमच्या खुर्चीवर दुसरा माणूस रुजू झाला की स्थगिती मिळणं अवघड होतं. तुमच्या जागी ज्याची नेमणूक झालीय त्यालाही प्रतिवादी करा, नाहीतर पहिल्याच तारखेला तोच मुद्दा निघेल.

कार्यमुक्त झाला असाल आणि स्थगिती नसेल, तर सावंतवाडीला हजर व्हा. निवेदन दिलंय म्हणून घरी बसलो, हे चालत नाही. आत्माराम पोशानी निकाल (1989) नेमका यावरच आहे आणि त्यात माणसाची नोकरी गेली होती. हजर झाल्याने तुमचा अर्ज बाद होत नाही. मॅटला आदेश बेकायदा वाटला तर परत मूळ जागी पाठवता येतं. आणि ऐनवेळी वैद्यकीय रजेचा कागद पाठवण्याची युक्ती आस्थापनेतल्या नवख्या लिपिकालाही ओळखू येते.

मॅटमध्ये हरलात तरी उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे रिट याचिका करता येते. ठाण्या-नवी मुंबईच्या महापालिकेत किंवा जिल्हा परिषदेत असणाऱ्यांनी मात्र हे उत्तर स्वतःला लावू नये, त्यांची प्रकरणं मॅटकडे जात नाहीत. खासगी कंपनीतल्यांचंही गणित वेगळं, तिथे नेमणूकपत्रातली बदलीची अट आधी वाचावी लागते.

अजून एक. एखाद्या आमदाराचं पत्र आणून बदली थांबवायला कुणी सुचवेलच. वर्तणूक नियमांत असा दबाव आणायला मनाई आहे, आणि ते पत्र त्याच नस्तीत लागतं, जी तुम्ही मॅटपुढे मागवणार आहात.